द्वारपालावर पहारा कोणाचा?

शाळा, महाविद्यालये व कार्यालये यांतील अनेक संगणक एकाच वाटेने इंटरनेटवर जातात. त्या वाटेवर बसविलेल्या मध्यस्थाला ‘प्रॉक्सी सर्व्हर’ म्हणतात. तो आपली मागणी बाहेर पोहोचवितो, आलेले पान आणून देतो, वारंवार लागणाऱ्या पानांची प्रत जवळ ठेवतो आणि नको ती संकेतस्थळे अडवितो. मुलांच्या हाती संगणक देताना पालक व शिक्षक त्याच्यावर विसंबतात. परंतु हा द्वारपालच दुर्बळ असेल तर?

‘स्क्विड’ हे या कामासाठी जगभर वापरले जाणारे मोफत सॉफ्टवेअर १९९६ साली प्रथम उपलब्ध झाले. २०२१ साली एका सुरक्षा संशोधकाने त्याची कसून तपासणी करून ५५ दोष शोधले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने ते जाहीर केले, तेव्हाही त्यांतील ३५ दोष दुरुस्तीविना होते.

हे दोष कसे असतात? त्याच महिन्यात दूर झालेले स्क्विडचेच दोन दोष पाहू. ओळख पटविण्याच्या एका पद्धतीत, आलेली माहिती ठरावीक जागेत मावते की नाही हे नीट तपासले जात नव्हते. ती पद्धत चालू असल्यास परक्याला २ मेगाबाइटपर्यंत माहिती संगणकाच्या स्मृतीत घुसवून प्रॉक्सी बंद पाडता येत असे. दुसऱ्या दोषामुळे एका मागणीच्या पोटात दुसरी दडवून पहारा चुकविता येत असे. स्क्विडच्या ६.४ या आवृत्तीत दोन्हींची दुरुस्ती झाली. मात्र ज्यांनी जुनी आवृत्ती तशीच ठेवली, त्यांचे दार उघडेच राहिले.

विलंबाबद्दल संशोधकाने स्क्विडच्या चमूला दूषण दिले नाही. त्यांनी सहकार्य केले, परंतु त्यांचे मनुष्यबळ अपुरे आहे, असेच त्याने नमूद केले. येथे आम्हांला थांबून विचार करावासा वाटतो. जे फुकट मिळते, त्यामागे कोणाचे तरी श्रम असतात. त्या श्रमांना हातभार लावणे हेही न्यायाचेच कर्तव्य नव्हे काय?

आपल्या संस्थांच्या चालकांनी संगणक सांभाळणाऱ्यांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : प्रॉक्सीची आवृत्ती अद्ययावत आहे काय? न लागणाऱ्या सोयी बंद केल्या आहेत काय? बाहेरच्या कोणालाही तो वापरता येत नाही ना?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात परगावी निघालेला धनी द्वारपालाला जागे राहण्याची आज्ञा देतो. द्वारपाल नेमला म्हणजे घरच्यांनी निर्धास्त झोपावे, असे मात्र प्रभू येशू म्हणत नाही. जागे राहण्याची आज्ञा तो सर्वांनाच देतो.