मेंदूतल्या गाठीची रसद

चेंबूरहून पनवेल लोकल धरली की थेट खारघर. तिथे टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. उलट्या दिशेने गेलं आणि कुर्ल्याला गाडी बदलली की परळला १९४१ सालचं मूळ टाटा रुग्णालय. मेंदूच्या गाठीचे रुग्ण या दोन्ही ठिकाणी जातात. डे-केअरमध्ये सलाईन लावून बसलेल्या अशा रुग्णांच्या नातेवाइकांच्या बोलण्यात एक नाव हमखास येतं : बेव्हासिझुमॅब.

हे औषध गाठीच्या पेशींना हातच लावत नाही. तोडायची ती रसद, ही त्यामागची युक्ती. बॉस्टनचे शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं, की नव्या रक्तवाहिन्या फुटल्याशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढूच शकत नाही. लोकांनी त्यांची टर उडवली. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांच्या चमूने रक्तवाहिन्यांना फुटवे आणणारं प्रथिन वेगळं काढलं. त्याचं नाव व्हीईजीएफ. बेव्हासिझुमॅब रक्तातच या प्रथिनाला पकडून निकामी करतं. मेंदूभोवतीचा जो अडसर बहुतेक औषधांना आत येऊ देत नाही, तो ओलांडायची त्यामुळे फारशी गरजच पडत नाही.

ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूच्या सगळ्यात आक्रमक गाठींपैकी एक, आणि तिच्यात व्हीईजीएफ भरपूर. अमेरिकेने २००९ च्या मे महिन्यात परतलेल्या ग्लायोब्लास्टोमासाठी हे औषध मंजूर केलं. युरोपने त्याच वर्षी नकार दिला. बरोबर कोण?

याचं थोडंफार उत्तर २०१४ मध्ये, नव्याने निदान झालेल्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांतून मिळालं. त्यातल्या एकीत शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाच्या जोडीला बेव्हासिझुमॅब दिलं, तेव्हा गाठ पुन्हा वाढायला साधारणपणे १०.६ महिने लागले. न दिलेल्यांत ६.२. पण आयुष्य? १६.८ महिने आणि १६.७ महिने. म्हणजे फरक जवळपास शून्य. दुसऱ्या चाचणीतही आयुष्य वाढलं नाहीच. जगण्याच्या दर्जाबद्दल मात्र दोघींचं एकमत झालं नाही : एकीत तो टिकला आणि स्टेरॉइड कमी लागले, दुसरीत काही रुग्णांची विचारशक्ती जास्त घसरली.

एमआरआयवर दिसणारी सुधारणाही फसवी असू शकते. गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यांतून द्रव झिरपून मेंदू सुजतो. औषध ही गळती थांबवतं, म्हणून काही दिवसांतच फिल्मवरचा पांढरा डाग फिका पडतो. गाठ मात्र तेवढीच राहिलेली असू शकते; मेंदूतल्या जुन्या रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने ती पसरतही राहते.

मग देतात कशाला? सूज उतरते म्हणून. लुळा पडलेला हात थोडा उचलता येतो, डोकेदुखी कमी होते, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची मात्रा घटते. रेडिएशनमुळे मेंदूचा भाग मरून सूज आली तरी या औषधाचा उपयोग होतो. घरच्यांना हे छोटं वाटत नाही, आणि ते छोटं नाहीही.

मात्रा वजनावर ठरते : ग्लायोब्लास्टोमात साधारणपणे किलोमागे १० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. ६० किलोच्या माणसाला ६०० मिलिग्रॅम, म्हणजे ४०० ची एक आणि १०० च्या दोन बाटल्या. बाटली फ्रिजमध्येच, २ ते ८ अंशांत ठेवायची. बाहेरून विकत घेतली तर बर्फाच्या डब्यातून न्यायची. पहिला डोस दीड तास चालतो. सोसला तर पुढचे टप्प्याटप्प्याने अर्ध्या तासावर येतात.

२०१६ पासून भारतीय कंपन्यांच्या समकक्ष आवृत्त्या बाजारात आल्या. त्यांतली एक खाडीपलीकडच्या रबाळ्याच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसची. तरी सामान्य घराला हा खर्च जडच जातो. म्हणून कर्ज काढण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारावं : हे औषध आयुष्य वाढवायला देताय की त्रास कमी करायला? किती डोसांनंतर फरक दिसायला हवा, आणि नाही दिसला तर थांबायचं कधी? रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन नियमित तपासून घ्यावं. शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर तेही सांगावं, कारण जखम भरण्यात हे औषध अडथळा आणतं. किमान २८ दिवस जाऊ द्यावे लागतात.