कर्नल अपग्रेडनंतर झेडएफएसचा पूल गायब? आधी डिस्कला हात लावू नका

लिनक्सचं कर्नल अपग्रेड केलं, मशीन रीस्टार्ट झालं आणि झेडएफएसचा पूल दिसेनासा झाला, तर घाबरून काही फॉरमॅट करू नका. बहुतेक वेळा डेटा जागेवरच असतो. फक्त नव्या कर्नलसाठी झेडएफएसचं मॉड्यूल तयार झालेलं नसतं.

लिनक्सवरचं झेडएफएस म्हणजे ओपनझेडएफएस; त्याचा परवाना सीडीडीएल, लिनक्सचा जीपीएल आवृत्ती २. हे दोन्ही जुळत नाहीत असं मानलं जातं, म्हणून हे मॉड्यूल मूळ कर्नलमध्ये नाही. अनेक डिस्ट्रोंमध्ये डीकेएमएस ते प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बिल्ड करतं. त्या कर्नलचे हेडर्स नसले किंवा ओपनझेडएफएसची आवृत्ती जुनी असली, की बिल्ड फेल होतं. कर्नलमधले बदल कधी याहून खोलवर जातात: २०१९ मध्ये लिनक्स ५.० ने प्रोसेसरचं एफपीयू वापरायची एक जुनी वाट बाहेरच्या मॉड्यूल्सना बंद केली. झेडएफएसच्या चेकसम आणि एन्क्रिप्शनचा वेग त्यावरच अवलंबून होता. तो धक्का मोठा होता!

पूल गायब झाला, तर बूट होताना ग्रबच्या मेनूतून जुनं कर्नल निवडा, पूल बहुधा परत दिसेल. मग नव्या कर्नलचे हेडर्स बसवा, डीकेएमएसचं स्टेटस तपासा. रूट झेडएफएसवर असेल तर इनिट्रॅमएफएसही नव्याने बनवा. आणि कृपया, नवं कर्नल नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत जुनं काढू नका.