कोयता निघाला, नववीचं दप्तर कुठं ठेवायचं?



दसरा झाला की मुकादमाची गाडी गावात येते. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर, धाराशिव भागातल्या कितीतरी घरांना उचल फेडायला ऊसतोडीला जावंच लागतं. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी पार कर्नाटकात. पाच-सहा महिने कोपी हेच घर. बारक्या लेकरांचं काय करायचं, हे आपल्या बैठकीत निघतं. पण आठवी-नववीतल्या पोरांबद्दल आपण फारसं बोलत नाही. ‘ते आता मोठं झालं’ म्हणतो. खरं तर शाळा कायमची सुटण्याचा धोका याच वयात जास्त असतो.

नववीलाच का सुटते?

पहिलं कारण कायद्याचं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, आठवीपर्यंत आहे. तोवर दाखला नाही म्हणून कुठलीही शाळा प्रवेश अडवू शकत नाही. जाताना गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेतलं, की कारखान्याजवळच्या शाळेत लेकरू बसवता येतं. नववीपासून या कायद्याचा आधार राहत नाही.

दुसरं हजेरीचं. दहावीच्या परीक्षेला बसायचं तर ७५ टक्के हजेरी लागते. पाच महिने फडावर गेलेल्या पोराची ती कुठून भरणार? त्यात बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि तेव्हा बहुतेक ठिकाणी पट्टा पडलेला नसतो. कर्नाटकात गेलं तर भोवतालची शाळा कन्नड आणि पुस्तकंही वेगळी.

तिसरं अंतराचं. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथी-सातवीला संपते. हायस्कूल दुसऱ्या गावाला. आई-बाप फडावर असताना म्हातारी आजी पोरीला रोज तिकडं पाठवायला घाबरते.

चौथं कारण आपल्याच घरातलं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल कोयत्यावर मिळते. चौदा वर्षांची पोरगी सोबत आली की मोळ्या बांधते, भाकरी थापते, धाकट्याला सांभाळते. मागं ठेवली तर जिवाला घोर. मग ‘जोडीनं जातील’ म्हणून तिचं लग्न उरकायचा विचार सुरू होतो. आपण हे काही हौसेनं करत नाही. पण एकदा सोळाव्या वर्षी तिच्या हातात कोयता आला, की तिची लेकरंही त्याच कोपीत वाढतात.

सोयी काय आहेत?

• हंगामी वसतिगृह : आई-बाप बाहेर असेपर्यंत मुलांची गावातच जेवणा-राहण्याची सोय. ही मुख्यतः आठवीपर्यंत.

• संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना : ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी ८२ वसतिगृहं मंजूर आहेत. आपल्या तालुक्यात सुरू झालं का, कुठल्या इयत्तेला जागा आहे, हे समाज कल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात विचारा.

• कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय : मुलींसाठी निवासी सोय. जवळ कुठं आहे, हे पंचायत समितीच्या शिक्षण विभागात कळेल.

• एसटीचा मोफत पास : ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत. हायस्कूल लांब आहे म्हणून शाळा सोडवायची गरज नाही.

• सतरा नंबरचा फॉर्म : शाळा सुटलीच असेल तर हा भरून दहावीला बाहेरून बसता येतं. मुदत चुकवू नका, हायस्कूलात आधीच विचारून ठेवा.

गटानं काय करायचं?

गाडी आल्यावर काही सुचत नाही, म्हणून हे काम गणपतीच्या आसपासच्या बैठकीत घ्या.

१. यंदा कोण कोण जाणार आणि त्यांच्या घरात आठवी, नववी, दहावीला कोण आहे, याची यादी करा. यादी ग्रामसंघाकडं द्या.

२. प्रत्येक नावापुढं लिहा : पोरगं कुणाजवळ राहणार, रेशन कोण आणणार, आजारी पडलं तर कोण नेणार. आई-बापाचा फोन नंबरही घ्या.

३. आजीजवळ राहणाऱ्या प्रत्येक पोरीमागं गटातली एक ताई नेमा. तिनं आठवड्याला एक चक्कर मारायची, महिन्याला एकदा हायस्कूलात जाऊन हजेरी बघायची.

४. दहावीचा बोर्डाचा फॉर्म हंगामातच भरतात. आधार, जातीचा दाखला आणि बँकेचं पासबुक घरी ठेवून जायला सांगा.

५. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. आपल्यातली कुणी त्यात असेल तर तिनं हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवायला लावावा.

६. अठराच्या आत लग्न ठरत असल्याचं कानावर आलं तर आधी घरी जाऊन बोला. ऐकलं नाही तर ग्रामसेवकाला सांगा, गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. १०९८ वरही फोन करता येतो.

यातलं निम्मं काम बिनपैशाचं आहे. जाणारी आई पोरीला मागं ठेवायला तयार होते ती एकाच गोष्टीवर : आपल्यामागं तिच्याकडं बघणारं कुणीतरी आहे. तेवढा भरवसा गट देऊ शकतो. येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की वही मिटायच्या आधी ही यादी लिहून काढा.