फवारणीचं पाणी आणि फॉस्फेटचा स्वभाव

जेऊरमध्ये फॉस्फेटवर बोलायचं तर फवारणीच्या पंपापासूनच सुरुवात करावी लागेल. ‘औषध मारलं पण किडीला लागलं नाही’ ही तक्रार इथे सगळ्यांनी ऐकलेली आहे. दोष दुकानदाराला दिला जातो, कंपनीला दिला जातो. पाण्याला सहसा कोणी देत नाही.

आपल्याकडची जमीन चुनखडीची. तिच्यातून आलेलं बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं, म्हणजे त्याचा सामू सातच्या वर. आता मॅलाथिऑन घ्या. हे स्फुरदयुक्त सेंद्रिय कीटकनाशक. साधारण 25 अंश तापमानाला, सामू 5 असलेल्या पाण्यात ते निम्मं व्हायला शंभरावर दिवस लागतात. सामू 7 असेल तर सुमारे सहा दिवस. आणि सामू 9 ला? अवघे बारा तास! सकाळी कालवून ठेवलं आणि जेवण, वीज, मजूर या गडबडीत दुसऱ्या दिवशी मारलं, तर पंपात काय उरलं असेल ते बघा. अशा वेळी मात्रा वाढवणं हा उपाय नव्हेच, तो धोका आहे. पाण्याचा सामू आधी तपासावा, गरज असेल तर सायट्रिक आम्लाने थोडा उतरवावा, मग औषध घालावं आणि लगेच मारावं. बोर्डो मिश्रणात चुना असतो, म्हणून त्यात असली औषधं मिसळू नयेत. मात्र हा नियम सगळ्या औषधांना लावू नका. काही औषधं आम्लातच लवकर मोडतात. डब्यावरचं पत्रक वाचावं.

असं का होतं? अल्कधर्मी पाण्यात हायड्रॉक्साइड हा ऋणभारित कण भरपूर असतो. सामू एकाने वाढला की तो दहापट होतो. मॅलाथिऑनच्या रेणूवर विद्युतभार नाही, त्यामुळे हा कण त्याला सरळ येऊन भिडतो.

आता याच्या उलटं उदाहरण. धुण्याच्या पावडरीत वापरलं जाणारं सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट, म्हणजे तीन फॉस्फेटची साखळी. ती स्वतःच ऋणभारित. ऋण ऋणाला दूर ढकलतं, म्हणून अल्कधर्मी पाण्यात ती टिकते आणि आम्लात लवकर तुटते. तेव्हा ‘आम्लात टिकतं, अल्कलीत मोडतं’ हा नियम फॉस्फेटचा नाही, त्या त्या रेणूचा आहे. मिथाइल फॉस्फेटसारखी काही संयुगं तर मधेच, सामू 4 च्या आसपास, सर्वांत वेगाने मोडतात. वेस्टहायमर या रसायनशास्त्रज्ञाने 1987 साली निसर्गाने फॉस्फेटच का निवडलं यावर लेख लिहिला. त्यातला एक मुद्दा हाच: डीएनएच्या प्रत्येक फॉस्फेट-दुव्यावर एक ऋणभार उरतो, म्हणून पाण्यात राहूनही तो सहसा तुटत नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाला मोह पडावा असा प्रश्न आहे हा, पण आज आवरतो.

मग ती साखळी नदीत तशीच राहते का? नाही. जिवाणूंची विकरं ती पटापट तोडतात. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. साखळी तुटून सुटा झालेला फॉस्फेट तिथे शेवाळाचं आणि जलपर्णीचं खत होतो. तो आणखी मोडत नाही. काही गाळात बसतो, आणि तळाचा ऑक्सिजन संपला की पुन्हा पाण्यात सुटतो. म्हणजे उद्या वरून येणारं सगळं थांबवलं, तरी हिरवं पाणी लगेच निवळेल असं समजू नका.