कणगीवाले आणि पुडीवाले

गेली काही वर्षे माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एक जाडजूड फाईल पडून आहे. घरात तिला ‘संडासाची फाईल’ म्हणतात. तिची सुरुवात मार्च २०२० मधल्या एका फोनने झाली. सिडनीहून भाची बोलत होती. तीन मोठी दुकाने पालथी घातली, पण टॉयलेट पेपरचा एक रोल मिळाला नाही, असे ती रडवेल्या आवाजात सांगत होती. फोन स्पीकरवर होता. आईने तांदूळ निवडता निवडता विचारले, “काहून वं बाई? तांब्या गहान ठेवला काय?”

अंजनगाव सुर्जीतल्या आमच्या घरात त्या दिवशी सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. त्या हसण्याची आता थोडी लाज वाटते. ती का वाटते, ते सांगण्यासाठी हा लेख.

फाईलमधली पहिली कात्रणे करमणुकीचीच आहेत. १७ फेब्रुवारी २०२० च्या पहाटे हाँगकाँगच्या मोंगकॉक भागात चाकू घेतलेल्या टोळीने एका दुकानाबाहेरून ६०० रोल पळवले. ५ मार्चला ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या ‘एनटी न्यूज’ने आठ पाने कोरी छापली, वाचकांनी ती कापून वापरावीत म्हणून. पुढचे वाचकांना आठवतच असेल, त्यामुळे ते सोडून देतो. एक गोष्ट मात्र तेव्हा फार कोणी सांगितली नाही. करोनाच्या साथीत माणसे घरात बसली म्हणजे ऑफिस, शाळा, हॉटेल इथला वापर घरात आला. जॉर्जिया-पॅसिफिक या अमेरिकन कंपनीचा हिशेब असा होता, की चोवीस तास घरी राहणाऱ्या कुटुंबाला नेहमीपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त पेपर लागेल. ऑफिसचे भलेमोठे रोल वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या गिऱ्हाइकासाठी बनतात. ते रातोरात घरगुती होत नाहीत. शिवाय हा माल फुगीर आणि स्वस्त, म्हणून दुकानदार त्याचा साठा कमीच ठेवतो. दहा जणांनी एक-एक गठ्ठा जास्त उचलला की फळी रिकामी दिसते, आणि रिकामी फळी पाहिलेला अकरावा माणूस दोन गठ्ठे उचलतो. त्या अकराव्याला मूर्ख म्हणणे मला जमत नाही. त्याने पाहिले ते खरेच होते.

फाईल जाड झाली ती १९७३ मुळे. त्या एका वर्षात दोन देशांत हेच नाटक झाले होते, आणि तेव्हा तर साथही नव्हती.

पहिला प्रयोग जपानात. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली. व्यापार-उद्योगमंत्री यासुहिरो नाकासोने यांनी लोकांना कागद जपून वापरण्याचे आवाहन केले. हेतू चांगला होता. पण सरकार ‘जपून वापरा’ म्हणते तेव्हा लोकांना ‘संपत आले’ असेच ऐकू येते. महिनाअखेरीस ओसाकाजवळच्या सेन्री या नव्या वसाहतीत एका दुकानासमोर बायांची रांग लागली, माल हातोहात संपला, आणि बघता बघता हे लोण देशभर गेले. कारखाने नेहमीसारखे चालू होते. मग सुरुवात सेन्रीतच का व्हावी? मला यातला तपशील फार बोलका वाटतो. सेन्री नवीकोरी, फ्लशच्या संडासांची वसाहत होती. जुन्या खड्ड्याच्या संडासात वर्तमानपत्राचा तुकडा चालत असे. फ्लशमध्ये तो टाकला की नळी तुंबते. म्हणजे ज्या घरांना दुसरा पर्यायच उरला नव्हता, ती घरे आधी घाबरली.

दुसरा प्रयोग अमेरिकेत, डिसेंबरमध्ये. त्यातला नायक आता कोणाच्या लक्षात नाही. हॅरॉल्ड फ्रोलिक हा विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटनचा, रिपब्लिकन पक्षाचा, पहिल्यांदाच निवडून आलेला खासदार. त्याचा मतदारसंघ कागद गिरण्यांचा. ग्रीन बे हे शहर त्यातच. गिरणीवाले लगद्याच्या टंचाईची तक्रार घेऊन येत होते. फ्रोलिकने चौकशी केली, तेव्हा सरकारी खात्यांसाठी लागणाऱ्या टॉयलेट पेपरच्या खरेदीला पुरेशा निविदाच आलेल्या नाहीत, असे त्याला कळले. ११ डिसेंबरला त्याने पत्रक काढले. पुढच्या काही महिन्यांत टंचाई ‘येऊ शकते’, हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही, अशा आशयाचे. आमच्या भागातल्या एखाद्या आमदाराने कापूस खरेदी केंद्राबद्दल काढावे तसे ते पत्रक. सावध, काहीसे कंटाळवाणे, मतदारसंघाची काळजी वाहणारे.

बातमी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्यातले ‘शकते’ गळून पडले. १९ डिसेंबरच्या रात्री जॉनी कार्सनने आपल्या टीव्ही कार्यक्रमात त्यावर विनोद केला. तो विनोद आहे हे प्रेक्षकांना कळले होते, ते हसलेही असतील. तरी सकाळी दुकानांत गर्दी झाली. फळ्या रिकाम्या झाल्या आणि विनोद खरा ठरला. स्कॉट पेपर कंपनीला आपली यंत्रे चालू असल्याचे लोकांना दाखवावे लागले. खुद्द कार्सनलाही पुढे कार्यक्रमातच खुलासा करावा लागला.

फ्रोलिकचा पुढचा प्रवास मी मुद्दाम शोधला. जुलै १९७४ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्याय समितीत निक्सनविरुद्ध महाभियोगाचे मतदान झाले. स्वतःच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध मत देणाऱ्या मोजक्या रिपब्लिकनांत हा होता. नोव्हेंबरमध्ये तो निवडणूक हरला, तोही एका कॅथलिक धर्मगुरूकडून. नंतर तो आपल्या जिल्ह्यात न्यायाधीश झाला. महाभियोगासाठी त्याचे नाव निघायला हवे होते. निघते ते टॉयलेट पेपरसाठी. माझ्या मते त्याच्यावर अन्याय झाला आहे. त्याने खोटे काहीच सांगितले नव्हते. ‘कदाचित’ हा शब्द फार दूर नेता येत नाही, एवढेच त्याला ठाऊक नव्हते.

मराठीत आपण ‘अफवांचे पेव फुटले’ म्हणतो. पेव म्हणजे जमिनीत खोदलेले धान्याचे कोठार. अफवा आणि साठा यांची गाठ आपल्या भाषेने कधीच मारून ठेवली आहे. आता आपल्या पेवाकडे वळतो.

फाईलमध्ये इंग्रजी कात्रणांच्या खाली एक साधा कागद आहे: आमच्याच घरची किराण्याची यादी, मार्च २०२० ची. आईच्या अक्षरात. वाचताना लक्षात येते की ती अगदीच तोकडी आहे. साखर, चहापत्ती, तेल, साबण, काडेपेट्या. गहू नाही, तूर डाळ नाही, तिखट-हळद नाही. ते सगळे घरात होतेच. देशव्यापी टाळेबंदीची घोषणा २४ मार्चच्या रात्री आठला झाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. वऱ्हाडात हे दिवसच साठवणीचे. नवा गहू येतो, उन्हात वाळतो, एरंडेलाचा हात फिरवून आणि कडुनिंबाचा पाला घालून कोठीत पडतो. गच्चीवर कुरडया-पापड, माळ्यावर लोणच्याच्या बरण्या. आम्ही घाबरलो नाही याचे श्रेय तांब्याला नव्हते. आमची धास्तीची खरेदी दरवर्षी ठरल्या वेळी, प्रतिष्ठेने, पंचांग पाहून होत असते. तिला आपण साठवण म्हणतो, आणि सुगरणीचे कौतुक करतो.

यादीच्या तळाशी वडिलांच्या अक्षरात, वेगळ्या शाईत एक ओळ आहे: ‘मीठ – ४ पुडे’. ती नोव्हेंबर २०१६ ची आठवण. नोटाबंदीनंतर तीन दिवसांत उत्तरेत मीठ संपल्याची आवई उठली, मुंबईपर्यंत पोचली, आणि मिठागरांच्या देशात लोक मिठासाठी धावले. वडील तेव्हा हसले होते. २०२० मध्ये त्यांनी चार पुडे लिहिले.

आता टाळेबंदीच्या त्या आठवड्यातले किराणा दुकान आठवतो. आमच्यासारखे कणगीवाले, म्हणजे वर्षाचे धान्य घरात भरून ठेवणारे, धान्यासाठी दुकानात आलेच नव्हते. रांगेत होते ते पुडीवाले: रोजच्या मजुरीतून रोजचे पावशेर तेल, चहाची पुडी, किलोभर पीठ नेणारे. त्यातल्या एका बाईने त्या दिवशी दोन किलो पीठ मागितले, तर मागून आवाज आला, “साठा करून राहिली काय?” आणि दुकानदाराने उधारीची वही गल्ल्याखाली सरकवली. आमच्या घरात तेव्हा दोन क्विंटल गहू होता. आम्हाला कोणी काही विचारले नाही.

साठवण आणि साठेबाजी यांच्यातली रेषा कायदाही आखतो. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा त्यासाठीच. १३ मार्च २०२० ला केंद्राने मास्क आणि सॅनिटायझर त्या यादीत घातले. २१ मार्चला दर बांधले. दोन पदरी मास्क ८ रुपये, तीन पदरी १०, सॅनिटायझरची २०० मिलीची बाटली १०० रुपये. पुढे माणशी पाच किलो मोफत धान्य आले, शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांवर आली. हे सगळे बरोबरच झाले. पण घाबरलेल्या माणसाला पोट भरायला धान्य लागते तसा उद्याचा भरवसाही लागतो, आणि त्याचे दरपत्रक कोणी काढत नाही.

ज्यांना साठवताच येत नाही अशांचे आणखी वेगळे. आमच्याकडचे पानमळे पाहा. खायचे पान आज खुडले की आज-उद्या विकले पाहिजे. टाळेबंदीत पानठेले बंद, गाड्या बंद. पान कोण घेणार? त्याच मळेकऱ्याची पानपिंपरी मात्र वाळवून पोत्यात भरता येते, भाव येईपर्यंत थांबते. एकाच शेतातली दोन पिके. एकाला उद्याची वाट पाहता येते, दुसऱ्याला नाही. माणसांचेही तसेच.

फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट राज्यात आधी आमच्या अमरावती जिल्ह्यात दिसली. २१ तारखेला, रविवारी, पालकमंत्री यशोमती ठाकूर यांनी अमरावती आणि अचलपूरसाठी आठवड्याची टाळेबंदी जाहीर केली. सोमवारी रात्री आठपासून. नंतर ती ८ मार्चपर्यंत वाढली. अचलपूर आमचे शेजारी. तिकडची बातमी आली आणि इकडे घराघरांत याद्या निघाल्या. या वेळी आमचीही लांबलचक होती. वर्षभरात आम्ही एवढे शिकलो होतो, की ‘एक आठवडा’ हाही फ्रोलिकच्या ‘कदाचित’सारखाच शब्द असतो.

भाचीला हसणाऱ्या वऱ्हाडी माणसाने एकदा आपल्या मोरीत डोकावावे. नळ दिवसाआड, अकोल्याकडे तर कितीतरी दिवसांआड. म्हणून नळ येतो त्या सकाळी गुंड, पिंप, बादल्या, पातेली, जे मिळेल ते भरून घ्यायचे. आणि त्याआधी मागचे उरलेले पाणी ‘शिळे’ म्हणून ओतून द्यायचे! टंचाईच्या भीतीने भरायचे आणि भरता यावे म्हणून सांडायचे. सेन्रीतल्या कोणत्याही गृहिणीला हे समजावून सांगायला मला जड जाईल. आमच्याच तालुक्यातल्या शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा एका गाडग्यात मावेल तेवढ्यावर हयातभर फिरले. आपण त्यांचा खराटा भिंतीवर चितारला, गाडग्याचे मनावर घेतले नाही.

१९७३ चे एक कात्रण मी शेवटी लावले आहे. तिकडे गाड्या भरभरून रोल नेले जात होते त्याच सुमाराला, महाराष्ट्र ७२ च्या दुष्काळातून बाहेर येत असताना, मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी हजारो बायांना घेऊन लाटणी हातात घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. तेल, रॉकेल, साखर, रवा मिळत नव्हता. रांगेतल्या शेजारणीने एक किलो जास्त नेले का, हे त्यांनी विचारले नाही. माल कुणाच्या गोदामात आहे, हे व्यापाऱ्याला आणि मंत्र्याला विचारले. टंचाईत विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे, आणि तो २०२० मध्ये आमच्या गल्लीत कोणी विचारला नाही. मीही नाही. मी दोन क्विंटल गव्हावर बसून सिडनीला हसत होतो.

माझा निकाल असा: धास्तीची खरेदी हा घाबरटांचा रोग नव्हे. तो वर्षभराचे एकदम भरू न शकणाऱ्यांचा, आणि ज्यांना दुसरा पर्याय ठेवलेला नाही त्यांचा, उशिरा आलेला शहाणपणा आहे. येत्या मार्चमध्ये गहू भराल तेव्हा, कोपऱ्यावरच्या दुकानात पुडीने पीठ नेणारे कोण आहेत, ते एकदा पाहून या.

वडिलांनी आणलेल्या चार पुड्यांपैकी तीन वापरले गेले. चौथा कोठीमागे आहे. त्याचा दगड झाला आहे.