मुक्काम त्रिचीत, भटकंती चहूकडे

चार-पाच दिवसांची सुट्टी, तमिळनाडूतली देवळं आणि प्रवास रेल्वेचा, असा बेत ठरला की पहिली रात्र चिदंबरम, दुसरी कुंभकोणम, तिसरी तंजावर अशी यादी कागदावर उतरते. रोज मुक्काम हलवला की जास्त पाहून होतं, हा पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज. खोली सोडायची, सामान ओढत स्टेशन गाठायचं, नव्या गावी खोली मिळेपर्यंत ताटकळायचं, यात सकाळ जाते. आणि देवळांच्या गावात सकाळच मोलाची. बारा-साडेबाराला बहुतेक मंदिरांचे गाभारे बंद होतात ते चारच्या पुढेच उघडतात, आणि अनवाणी चालायचं दगडी आवार तोवर चटके देऊ लागतं. एकाच गावी मुक्काम ठेवून, खांद्याला छोटी पिशवी लावून भल्या सकाळच्या गाडीनं निघालात, तर ऊन चढायच्या आत गोपुरासमोर उभे असता.

मुक्काम सर्वांत प्रसिद्ध गावी करावा?

मुक्काम ठरवताना प्रसिद्धी नव्हे, रेल्वेचा नकाशा पाहावा. त्रिचीहून, म्हणजे तिरुचिरापल्ली जंक्शनहून, रूळ पाच दिशांना जातात: तंजावर, पुदुक्कोट्टै, दिंडिगल, करूर आणि अरियलूर. तंजावर जेमतेम ५० किलोमीटर, तासाभराचा रस्ता. त्याच मार्गावर पुढे कुंभकोणम, त्रिचीहून ९० किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्या मार्गावर पुदुक्कोट्टैच्या पुढे, कारैकुडीच्या अलीकडे चेट्टिनाड नावाचं लहानसं स्टेशन लागतं. व्यापाऱ्यांच्या भव्य वाड्यांचं कानाडुकातान तिथून अगदी जवळ. कावेरी आणि कोळ्ळिडम यांच्यामधल्या बेटावरचं श्रीरंगम तर शहरातल्या बसनंही गाठता येतं.

तंजावर तासाभरात उरकतं?

उरकतं, आणि मला याचंच फार वाईट वाटतं. राजराज चोळानं बांधलेलं बृहदीश्वराचं मंदिर १०१० साली पूर्ण झालं. १९८७ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराची, उंची डोळ्यांत साठवून, फोटो काढून आपली माणसं परत फिरतात. पण याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली, दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला आहे. तो शोधावा, त्यासमोर थांबावं, दोन ओळी तरी जुळवून वाचाव्यात. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात इथं राज्य स्थापलं आणि मराठी इथं दरबारात, दप्तरात नांदली. राजवाड्याच्या आवारातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागद आजही जपलेले आहेत. सकाळी मंदिर, गाभारा बंद असताना राजवाडा आणि ग्रंथालयाचं संग्रहालय, उन्हं उतरल्यावर पुन्हा मंदिर. तंजावरला पूर्ण दिवस द्या. दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर त्याच दिवसात कोंबू नका, ते कुंभकोणमच्या दिवशी पाहा. कुंभकोणमहून रिक्षानं थोड्या वेळात पोचता येतं.

आरक्षण नाही, म्हणजे प्रवास नाही?

लांबच्या प्रवासाला आरक्षण हवंच. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं, हे अजून अनेकांना ठाऊक नसतं. रोजच्या फेऱ्यांसाठी मात्र पॅसेंजर गाड्या आणि एक्स्प्रेसचे जनरल डबे आहेत. दोन गोष्टी सांभाळा. पॅसेंजरचं तिकीट एक्स्प्रेसमध्ये चालत नाही. आणि २०० किलोमीटरच्या आतलं जनरल तिकीट काढल्यावर तीन तासांत, किंवा त्यानंतर पहिली गाडी असेल तर तिनं, निघावं लागतं. म्हणून संध्याकाळचं तिकीट सकाळीच काढून ठेवू नये. जागा मिळेलच असं नाही. सोबत वयस्कर माणसं असतील तर त्या फेरीचंही आरक्षण करा.

बेत आखताना परतीची गाडी आधी पाहा. जायला गाड्या बऱ्याच दिसतात, पण यायला सोयीची एखादीच असते. मंदिर संध्याकाळी उघडल्यावर किती वेळ हाती राहील, ते तीच ठरवते.

लांबचा मार्ग म्हणजे वाया गेलेला वेळ?

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनहून त्रिचीला दोन मार्गांनी जाता येतं. विरुधाचलम-अरियलूरवरून जाणारा जवळचा मार्ग सुमारे ३३७ किलोमीटरचा. जुना मुख्य मार्ग चिदंबरम, मयिलाडुतुरै, कुंभकोणम, तंजावर करत सुमारे ४०० किलोमीटर फिरून येतो. येताना जवळचा घ्या. परतताना जुन्या मार्गानं निघालात तर चिदंबरमला उतरून नटराजाचं दर्शन घेता येतं. त्यासाठी तिथपर्यंतचं आणि पुढचं अशी दोन वेगळी तिकिटं काढा.

सगळं एकाच मुक्कामाहून होतं?

नाही. जाण्याचा वेळ दोन तासांच्या वर गेला की फेरी दमवते, विशेषतः मुलांना. मदुराईसाठी तिथंच दोन रात्री ठेवाव्यात. रामेश्वरमलाही एक रात्र द्यावी. एप्रिल २०२५ मध्ये नवा पांबन पूल सुरू झाला आणि गाड्या पुन्हा थेट बेटावर जाऊ लागल्या. १९१४ च्या जुन्या पुलावरची वाहतूक २०२२ च्या डिसेंबरपासून बंद होती, त्यामुळे अलीकडच्या वर्षांतली प्रवासवर्णनं वाचून बसनं जायचं ठरवू नका.

शेवटच्या दिवशी गाडी रात्रीची असेल तर बॅगा त्रिची स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप हवं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. मग श्रीरंगमसाठी अख्खा दिवस मोकळा मिळतो.