घाटावरचा मासे फ्राय: तुकडा तव्यावर पडण्याआधी काय बघायचं?

नेहमीप्रमाणे या भागात बोललेलं थोडं नीटनेटकं करून इथे देतोय.

आजचा प्रश्न साधा आहे. सातारा-सांगलीला समुद्र नाही. मग मासळी बाजाराच्या कडेला तवा टाकून जो मासा तळून मिळतो, तो येतो कुठून? आणि बिनधास्त खायचा का?

मासा दोन वाटांनी येतो

एक वाट नदीची. कृष्णा, कोयना, वारणा आणि धरणांचं पाणी. त्यातले रोहू, कटला, मरळ, वाम, चिलापी. दुसरी वाट घाटाची. कोकणातला बांगडा, सुरमई कुंभार्ली घाट चढून कराडला येतात, आंबा घाटातून कोल्हापूर-सांगलीकडे. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कुणी "आजचीच सुरमई, रत्नागिरीची" म्हणालं, तर हसून नदीचा मासा मागायचा. बंदीतली सुरमई बहुतेक वेळा बर्फघरातली, नाहीतर दुसऱ्या किनाऱ्यावरची.

नदीच्या माशाला मातीचा वास का?

अनेकांना वाटतं मासा शिळा आहे. तसं नसतंय. पाण्यातले काही सूक्ष्मजीव 'जिओस्मिन' नावाचं द्रव्य तयार करतात, ते माशाच्या अंगात मुरतं. पहिल्या पावसानंतर मातीला येतो ना वास, तोच हा! आंबटानं हे द्रव्य मोडतं. म्हणून आपल्याकडे मासा आधी लिंबू, चिंच नाहीतर कोकमात मुरवतात. ते फक्त चवीसाठी नाही.

काट्यांचंही बघा. रोहू-कटल्याच्या मांसात बेचक्यासारखे बारीक काटे असतात. जवळजवळ चिरा पाडून कडक तळलं तर ते बरेच कुरकुरीत होतात. मरळ आणि चिलापीत असे काटे नसतात. पोरांना, म्हाताऱ्या माणसांना तेच द्यावेत.

बांगड्याचा खरा धोका

हे नीट ऐका. बांगडा, सुरमई, टूना हे मासे बर्फाविना राहिले, की त्यांच्यातल्या जिवाणूंमुळे 'हिस्टामिन' साठतं. एकदा तयार झालं की ते तळून जात नाही, उकळून जात नाही, नंतर बर्फात ठेवूनही जात नाही. मासा दिसायला, वासाला ठीक वाटू शकतो. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते, धडधडतं. लोक म्हणतात "मला मासे बाधतात", आणि आयुष्यभर मासे सोडतात. दोष माशाचा नसतो, तुटलेल्या बर्फाचा असतो. अशा माशानं कधीकधी जीभ चुरचुरते, पण वर आपली कांदा-लसूण चटणी थापली की ती चुरचुर कशाची, हे कळायचंच नाही! त्रास झाला, विशेषतः दम लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका. दवाखाना गाठा.

मग ऑर्डर देताना?

- मासा कच्चा असतानाच बघा. डोळे फुगीर, कल्ले लाल, बोटानं दाबलं तर खळगा भरून यायला हवा.
- समुद्राचा मासा बर्फात पुरलेला हवा. नुसत्या पाटावर मांडलेला दुपारचा बांगडा नको.
- मसाला लावलेले तुकडे बाहेर उघड्यावर किती वेळ आहेत, ते विचारा. लिंबू लावलंय म्हणजे मासा टिकतो, असं नाही.
- तेल काळं, फेसाळ, लगेच धुरणारं असेल तर पुढच्या गाड्यावर जा. १ जुलै २०१८ पासून नियमच आहे, की तळणाच्या तेलातली बिघडलेली 'पोलर' द्रव्यं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. ते यंत्र आपल्याकडे नसतं, पण नाक असतं.

"मावशी, जरा कल्ला उघडून दाखवा की" म्हणायला लाजू नका. चांगला माल असला की मावशी स्वतःच हौसेनं दाखवतात. ज्या टाळतात, त्यांचं उत्तर तिथंच मिळालं.

पुढच्या भागात भेटूच. तोवर तुमच्या गावात मासा कशात मुरवतात, तेवढं कळवा!